घरी गाडी धुवायला प्रेशर वॉशर घ्यावा का? वापरून झाल्यावर लिहितोय

सोसायटीत जो दिसेल तो विचारतोय, अहो केवढ्याला पडलं, मी पण घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. जोरात पाण्याचा फवारा मारणारं हे मशीन चांगलं आहे. पण तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल आणि पार्किंगमध्ये तुमचा स्वतःचा नळ नि 16 अँपियरचा सॉकेट नसेल तर आधी पैसे दुसरीकडे घाला, कुठे ते पुढे सांगतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण थोडी तक्रारपण आहे, आणि तसंही सात-आठ हजारातली ही सगळी मशीनं आतून बरीचशी सारखीच असतात, प्लास्टिकचा रंग तेवढा वेगळा.

1700 वॅटचं मशीन आहे. बॉक्सवर 135 बार असं ठळक छापलंय, पण ते मॅक्सिमम, खाली बारीक अक्षरात चालू असतानाचं प्रेशर 90 लिहिलेलं असतं ते वाचा. गाडीला तेवढं भरपूर होतं, उलट जास्तच होतं. खरी गंमत करंटची आहे. पार्किंगमध्ये सहसा बल्बसाठी दिलेला 6 अँपियरचा पॉइंट असतो आणि हे मशीन सातच्या वर खेचतं, त्यात मोटर चालू होताना अजून जास्त, म्हणजे एकतर एमसीबी पडतो नाहीतर आपली ती टीव्हीची एक्स्टेंशन वायर हाताला चटका बसेल इतकी तापते. खाली ओलं, हातात ओली गन आणि तापलेली वायर, हा खेळ नको. मी जाड तीन कोरची वायर इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली आणि मीटर रूममधल्या 16 च्या सॉकेटला लावतो, त्यासाठी सेक्रेटरींची परवानगी काढावी लागली, ते प्रकरण वेगळंच.

पाण्याचं म्हणाल तर मिनिटाला साधारण साडेसहा लिटर जातं. नुसता पाइप लावून धुतलं तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जातं, त्यामुळे मशीन पाणी उधळतं हा जो समज आहे तो बरोबर नाही. पण नळ नसेल तर बादलीतून ओढायचं, आणि वीस लिटरची बादली तीन मिनिटांत तळाला जाते. मग बादली भरायला पळा, तोवर पंपात हवा शिरते, मग मशीन घरघरतं आणि परत पाणी धरायला वेळ लावतं. पंप कोरडा चालला की सील जातात, त्यामुळे बादलीवर एक माणूस उभाच पाहिजे. मोठा ड्रम असेल तर ठीक, एरवी दोन माणसांचं काम आहे हे. आवाजाबद्दल काही बोलत नाही, रविवारी सकाळी सातला लावून बघा, सोसायटीच्या ग्रुपवर कळेलच.

आता मशीन कशात भारी आहे ते. पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलात की चाकाच्या वरच्या पोकळीत जी लाल माती बसते ना, ती पाइपने निघत नाही, हात घालून पण निघत नाही, ती या मशीननेच निघते. पहिल्यांदा मारलं तेव्हा मडगार्डच्या आतून इतका चिखल पडला की खाली ढीग झाला, आणि हे गाडी वरून चकाचक दिसत असताना. दाराखालच्या पट्टीच्या मागे, मडफ्लॅपच्या कोपऱ्यात माती ओली राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो. समुद्रावरून आल्यावर तर अंडरबॉडीला साधं पाणी मारायलाच पाहिजे, मिठाचं पाणी पत्र्याला सोडत नाही. नुसत्या या कामासाठी मला मशीनचे पैसे वसूल वाटतात.

पण रोजच्या धुळीसाठी? नाही. गाडी मशीनने स्वच्छ होते हा गैरसमज आहे. धूळ उडते, वरचा चिखल जातो, पण वाळल्यावर बोट फिरवा, पातळ राखाडी थर तसाच असतो. तो हातानेच काढावा लागतो, आणि गाडीचा रंग टिकतो की जातो ते तिथे ठरतं. रंगावरचा जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्याच्यावर रोज सकाळी एकच फडकं एकाच काळ्याकुट्ट पाण्यात बुडवून अख्ख्या बिल्डिंगच्या गाड्या पुसल्या जातात, आणि मग दोन वर्षांनी आपण उन्हात बघतो की बॉनेटवर गोल गोल जाळं कसलं आलंय. पुसणाऱ्या पोरांचा दोष नाही हो, महिन्याच्या तेवढ्या पैशात दुसरं काय होणार.

म्हणून पैसे आधी कुठे घालायचे तर दोन बादल्या, एक चांगला मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे हातात घालून गाडी धुवायचा मोजा, आणि 800 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे चांगला जाड) वरचा एक वाळवायचा टॉवेल. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाला शेवटी जी वाळू दिसते ती नाहीतर रंगावर घासली गेली असती. वरून खाली यायचं, छत, काचा, बॉनेट, दारं, आणि दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. चाकांना वेगळं फडकं, ते परत कधीच बॉडीला लावायचं नाही. शाम्पू 3एमचा वापरतो, पाचशेच्या आत येतो, झाकणभर पुरतो, तक्रार नाही. भांड्याचं लिक्विड घालू नका, ते तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं त्यामुळे वॅक्सपण घेऊन जातं.

मशीनसोबत जी फोमची बाटली फुकट येते ती टाकून दिली तरी चालेल. फेस कसला, पाणी घातलेल्या दुधासारखं काहीतरी उडतं आणि लगेच ओघळून जातं. हजार-बाराशेची पितळी फोम लान्स, म्हणजे गनला लावायची फेस करणारी नळी, वेगळी घेतली तेव्हा कुठे व्हिडिओत दिसतो तसा जाड फेस आला. पण फेस म्हणजे करमणूक जास्त, धूळ थोडी सैल होते एवढंच, मिट फिरवणं सुटत नाही. आमच्या पोराला मात्र गाडी धुण्यातला तेवढाच भाग आवडतो.

नोझल गाडीपासून किमान फूटभर लांब ठेवा. सोबत लाल रंगाचं गोल फिरणारं एक नोझल येतं, ते फरशीवरच्या शेवाळासाठी आहे, गाडीला आणि टायरला लावायचं नाही. रेडिएटरच्या पातळ पट्ट्या, दाराचं रबर, आधीच उखडलेला रंग, इथे लांबूनच. आणि बॉनेट उघडून इंजिनवर तर अजिबात नको, फ्यूज बॉक्समध्ये पाणी गेलं की गॅरेजवाल्याचा दसरा होतो.

दसऱ्यावरून आठवलं, पांढऱ्या गाडीवर हळदकुंकवाने स्वस्तिक काढलं की पुढचा आठवडा तोच विषय. हळदीचं टेन्शन घेऊ नका, थोडी राहिली तरी गाडी उन्हात लावा, आपोआप फिकी पडते. कुंकू मात्र दुसऱ्या दिवशीच शाम्पूने काढा, ओलं लावलेलं असेल तर डाग मागे राहतो. आमच्याकडे आता पूजेच्या आधी वॅक्सचा एक हात मारतो, आईला सांगितलंय की देवासाठीच चकचकीत करतोय, तिला पटलं. फॉर्म्युला 1 चं कार्नोबा वॅक्स आहे, सावलीत पातळ लावायचं, पांढुरकं झालं की पुसायचं. दोन-तीन महिने पाण्याचे थेंब मस्त गोल बसतात, पावसाळ्यात त्याहून कमी.

टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असेल तर वाळवण्यात आळस करू नका. पाणी उडून जातं आणि कॅल्शियमचा पांढरा ठिपका काचेवर नि रंगावर राहतो, उन्हात धुतली तर पाच मिनिटांत. काचेवरचे जुने डाग पांढरं व्हिनेगर नि पाणी अर्धं अर्धं करून पुसले की बरेचसे जातात, नंतर साध्या पाण्याने धुवा. टॉवेल घासायचा नाही, पसरून अलगद ओढायचा, आणि तो टॉवेल धुताना कम्फर्ट वगैरे घालायचं नाही, पाणी शोषायचं बंद करतो.

ज्यांच्याकडे पाण्याचीच बोंब आहे त्यांनी मशीनचा विचारही न करता ऑप्टिमम नो रिन्स नावाचं धुण्याचं लिक्विड घ्यावं. दहा लिटर पाण्यात 40 मिलिलिटर, मिट बुडवून पुसत जायचं आणि लगेच टॉवेलने कोरडं, वरून पाणी मारायचंच नाही. उन्हाळ्यात मी हेच करतो. 2024 मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर 5000 दंड लावला होता, आपल्याकडेही मे महिन्यात शेजारचे ज्या नजरेने बघतात ती दंडापेक्षा कमी नाही. फक्त चिखलाने भरलेल्या गाडीला हे वापरू नका, चिखल आधी पाण्याने उतरवावाच लागतो.

राहिली तक्रार. काही महिन्यांतच गन आणि पाइपच्या जोडावरून पाणी गळायला लागलं. कंपनीला फोन केला तर मशीन पॅक करून सेंटरला पाठवा म्हणे, किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही. जोड उघडून बघितला, आत एक काळी ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी रिंग, तिला बारीक चीर. नळाच्या फिटिंगच्या दुकानात जुनी रिंग दाखवली, दुकानदाराने डब्यात हात घालून जुळणारी काढून दिली, दहा रुपये. थोडं सिलिकॉन ग्रीस लावून बसवली, तेव्हापासून एक थेंब नाही. काम झाल्यावर नळ नि स्विच बंद करून गनचा ट्रिगर दाबा आणि पाइपमधलं प्रेशर सोडून द्या, तसंच भरलेलं ठेवलं की रिंगा लवकर जातात. दुकानातून चार रिंगा जास्तीच्या आणून बॉक्समध्येच ठेवल्यात, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी हेच मॉडेल घेतलं तर मागून घ्या.