‘छापखान्याला काळा रंग तपासायचा आहे’
पोस्टर हेच माझे काम आहे. मुखपृष्ठे, बोधचिन्हे, वेष्टने हे सगळे मी सुरुवातीच्या काळात केले, परंतु गेली अकरा वर्षे केवळ नाटक, संगीत आणि प्रदर्शने यांच्या पोस्टर्सवर माझा चरितार्थ चालतो. एवढ्या अनुभवानंतरही एका मध्यस्थाने मला फसवले. त्याने ज्या मार्गाने फसवले तो या व्यवसायातल्या कोणालाही रोजचा वाटावा असा आहे, म्हणून सगळा तपशील येथे लिहीत आहे.

हे गृहस्थ एका नाट्यसंस्थेच्या वतीने आले होते. सहा नाटकांचा महोत्सव होता आणि सहाही पोस्टर्स एकाच मालिकेतली वाटावीत अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांनी माझी जुनी कामे बारकाईने पाहिलेली होती, आणि बोलण्याच्या ओघात चेक चित्रकार अल्फोन्स मुखाचा दाखला दिला. फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टच्या नाटकासाठी केलेले त्याचे पोस्टर १८९५ च्या पहिल्या दिवशी पॅरिसच्या भिंतींवर लागले आणि त्या एका पोस्टरने त्याचे आयुष्य बदलले, तसे या मालिकेने तुमचे होईल, असे ते म्हणाले. ही हकिकत खरी आहे. मात्र त्या पोस्टरनंतर बर्नहार्टने मुखाशी अनेक वर्षांचा करार केला, हा तिचा महत्त्वाचा भाग त्यांनी सांगितला नाही आणि मलाही तेव्हा आठवला नाही. आमच्यात लेखी करार झाला नाही. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली फायनल झाल्यावर, एवढे फोनवर ठरले. पहिल्या दोन पोस्टर्सची आगाऊ रक्कम दुसऱ्याच दिवशी जमा झाली, आणि माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. ज्याला बुडवायचे असते तो पहिला पैसा वेळेवर देतो, हे आता मला नीट समजले आहे.

त्या मालिकेचा सगळा भार अक्षरांवर होता. चपट्या कुंचल्याने, जवळजवळ वाळत आलेल्या शाईत, मी नाटकाचे नाव कागदावर पुन्हा पुन्हा लिहीत गेले. चाळीसएक कागदांनंतर एक असा उतरला, की त्यात शिरोरेषा मधेच तुटून पुढच्या अक्षरावर पुन्हा सुरू होत होती आणि त्या खंडात नाटकातला दुरावा आपोआप दिसत होता. तो कागद सहाशे डीपीआयवर (इंचाला सहाशे ठिपके) स्कॅन केला. कुंचला उचलताना शेवटच्या कान्याखाली तीन बारीक शिंतोडे उडाले होते. ते पुसावेत असे प्रथम वाटले, पण त्यांच्यामुळे अक्षराला हाताचा स्पर्श राहत होता, म्हणून तसेच ठेवले. पुढच्या चार पोस्टर्सचे कच्चे ले-आऊट आणि त्यांची अक्षरेही त्याच फाईलमध्ये, बंद ठेवलेल्या लेयर्समध्ये (एकावर एक रचलेल्या थरांमध्ये) होती.

दोन्ही पोस्टर्स पसंत पडल्यावर निरोप आला की छापखान्याला काळा रंग तपासायचा आहे, तरी ओपन फाईल (प्रत्येक भाग सुटा करून बदलता येणारी मूळ फाईल) पाठवावी. या विनंतीत वरवर पाहता काहीही वावगे नव्हते. पोस्टरवर मोठा काळा भाग असला, की नुसती काळी शाई फिकी दिसते आणि तिच्याखाली बाकीच्या तीन रंगांचा आधार द्यावा लागतो. तो आधार प्रमाणाबाहेर गेला तर शाई वाळत नाही आणि एका कागदाचा डाग दुसऱ्याच्या पाठीवर उमटतो. अशी शंका छापखाने खरोखरच विचारतात. परंतु ती फेडण्यासाठी ओपन फाईल लागत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांमध्ये) केलेल्या, ब्लीड (कडेला सोडलेला जादा भाग) आणि क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) दिलेल्या, फॉन्ट आउटलाइन केलेल्या (अक्षरांचे आकारांत रूपांतर केलेल्या) पीडीएफमध्ये शाईचे प्रमाण मोजता येते. छपाईची फाईल कशी द्यावी यासाठी पीडीएफ-एक्स हा आंतरराष्ट्रीय प्रमाणित प्रकार २००१ पासून उपलब्ध आहे. मी मात्र रात्री घाईघाईने सगळ्या लेयर्ससह मूळ फाईल पाठवून दिली. माझ्या हातातली एकमेव किल्ली मी त्या रात्री देऊन टाकली.

त्यानंतर उरलेली रक्कम मागितली तर आधी हिशेबनीस रजेवर, मग मंजुरी बाकी, मग उत्तरच नाही. सात आठवड्यांनी एका प्रेक्षागृहाबाहेर मला सहाही पोस्टर्स ओळीने लावलेली दिसली. चौथ्या पोस्टरचे ले-आऊट माझे होते, परंतु अक्षरे आडवी ताणून बसवली होती, त्यामुळे उभ्या रेघा जाड झाल्या होत्या आणि आडव्या त्या मानाने बारीक दिसत होत्या. पाचव्यात पहिल्या नाटकाच्या नावातली अक्षरे सुटी करून नवे नाव जुळवले होते. मी अगदी जवळ जाऊन पाहिले. शेवटच्या कान्याखाली तेच तीन शिंतोडे होते. खाली संकल्पना म्हणून त्या मध्यस्थाचे नाव छापलेले होते.

मी थेट संस्थेला लिहिले. पत्रासोबत शाईच्या मूळ कागदाचे छायाचित्र, स्कॅनची तारीख, फाईलच्या क्रमाने साठवलेल्या आवृत्त्या आणि आमचा पत्रव्यवहार जोडला. कलाकृतीची नोंदणी केलेली नाही म्हणून आपला हक्क नाही, असे अनेक तरुण सहकारी समजतात. बर्न करारात (कलाकृतींच्या स्वामित्वहक्काचा आंतरराष्ट्रीय करार) सहभागी असलेल्या देशांत परदेशी कलाकृतीच्या स्वामित्वहक्कासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. कर्त्याचे नाव लावले जाण्याचा आणि कामाच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्कही १९२८ पासून त्या करारात आहे. नोकरीत केलेल्या कामाचे नियम मात्र अनेक ठिकाणी वेगळे असतात. संस्थेने सहाही पोस्टर्सची पूर्ण रक्कम त्या गृहस्थांना केव्हाच दिलेली होती, आणि ती त्यांनीच केली आहेत असे तिला सांगण्यात आले होते. संस्थेने चूक मान्य करून पुढच्या छपाईत माझे नाव घातले. उरलेली रक्कम मला आजतागायत मिळालेली नाही.

आता मी पसंतीसाठी आठशे पिक्सेल रुंदीची प्रतिमाच पाठवते. ती ए-२ आकारावर छापली तर इंचाला पन्नासदेखील ठिपके उरत नाहीत आणि अक्षरांच्या कडा फाटतात. छपाईची पीडीएफ पूर्ण मोबदला जमा झाल्यावर जाते. ओपन फाईल हा वेगळा व्यवहार आहे, त्याचा मोबदला वेगळा आणि ती कोणत्या कामासाठी, किती काळ वापरायची हे कागदावर लिहिलेले असते. मध्यस्थ असेल तर मूळ ग्राहकाला पहिल्याच पत्राची प्रत जाते. एवढी एक गोष्ट मी तेव्हा केली असती तर पुढचे काहीच घडले नसते. या अटींना नकार देणाऱ्यांचे काम मी सोडते, आणि नव्याने या क्षेत्रात आलेल्यांनीही सोडावे असे मला मनापासून वाटते.

पत्रव्यवहारात संस्थेने त्याच गृहस्थांनी आधी दाखवलेली आणखी काही पोस्टर्स मला पाठवली होती. त्यांपैकी एकातली रेषा ओळखीची वाटली, म्हणून त्या चित्रकाराला मी पत्र लिहिले. काम त्याचेच होते आणि त्यालाही पैसे मिळाले नव्हते. फाईल कशी गेली असे विचारल्यावर त्याने त्या वेळी आलेला निरोप जसाच्या तसा पुढे पाठवला: छापखान्याला काळा रंग तपासायचा आहे, ओपन फाईल पाठवावी.