लॉगचा गोंगाट कमी करायचाय? चार उपाय, आणि कुठला कधी

इंदूरला रामबागेत आम्ही तिघं मिळून रेल्सची (रुबी भाषेतली, वेबसाइट बांधायची चौकट) कामं करतो. मध्यंतरी कापड मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचा जुना प्रोजेक्ट हाती आला. पान एकदा रीफ्रेश केलं की टर्मिनलवरच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर काय करतोय त्याच्या नोंदीत, 'स्टार्टेड गेट /असेट्स/…' अशा तीसेक ओळी धडाधड उतरायच्या, दर सीएसएस आणि जेएस फाइलमागे एक. ज्या रिक्वेस्टकडे बघायचं ती केव्हाच वर सरकलेली. टीममधल्या मुलानं विचारलं, "दादा, लॉग लेव्हलच इन्फो करून टाकू?"

हाच उपाय सगळ्यांना आधी सुचतो, आणि डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे आपल्या मशीनवर कोड लिहिताना, मी तो करू देत नाही. लेव्हल म्हणजे किती महत्त्वाच्या ओळी छापायच्या ती पातळी: डीबग खाली, त्यावर इन्फो, बरीच वर एरर. एसक्यूएलच्या (डेटाबेसला पाठवलेल्या क्वेरींच्या) ओळी डीबग लेव्हलच्या असतात, 'स्टार्टेड गेट' इन्फोची. म्हणजे लेव्हल इन्फो केली की नको ते राहतं आणि हवं ते जातं. याच प्रोजेक्टमध्ये ऑर्डरची यादी फार हळू उघडायची. लॉग वर नेऊन पाहिला, तर 50 ऑर्डरींसाठी ग्राहक आणणारी तीच क्वेरी 50 वेळा, फक्त आयडी बदललेला. सगळे ग्राहक एकदम आणायला सांगणारं रेल्सचं 'इन्क्लूड्स' घातलं आणि त्या 50 च्या जागी एकच क्वेरी उरली. इन्फोवर हे दिसलंच नसतं.

लॉगची फाइल चालू दाखवणाऱ्या 'टेल -एफ' कमांडला नको त्या ओळी गाळणारी 'ग्रेप -व्ही' जोडणं आजच्या दिवसापुरतं ठीक. कोडला हात लागत नाही, पण फाइल फुगायची ती फुगतेच, आणि दर माणसानं आपापल्या मशीनवर ते लक्षात ठेवायचं. त्यापुढे आणखी कमांड जोडल्यात (पाइप लावलात) तर ओळी अडकून उशिरा येतात. तेव्हा ग्रेपला 'लाइन-बफर्ड' द्या.

माझी पसंती 'कॉन्फिग डॉट असेट्स डॉट क्वायट = ट्रू' या एका ओळीला. रेल्समध्ये सीएसएस-जेएससारख्या फाइली (असेट्स) पुरवणाऱ्या स्प्रॉकेट्स-रेल्सच्या 3.1 पासून ही सोय आहे. रेल्स 5 च्या नव्या प्रोजेक्टमध्ये ती डेव्हलपमेंटच्या कॉन्फिगमध्ये लिहूनच येते, जुन्यात आपण घालायची. असेट्सच्या रिक्वेस्टपुरतीच लॉगची पातळी एररपर्यंत चढते, बाकी सगळं जागच्या जागी. एखादी फाइल सापडली नाही तर राउटिंग एरर दिसतेच, ही मला मोठी गोष्ट वाटते. 3.1 च्या आधीचं असेल तर 'क्वायट असेट्स' नावाचं जेम (रुबीचं जोडायचं पॅकेज) आहे. अपग्रेड झाल्यावर मात्र ते आठवणीनं काढा.

चौथा उपाय लॉगरेज, हेही एक जेम. ते अख्ख्या रिक्वेस्टची एक ओळ करतं: पाथ, स्टेटस, लागलेला वेळ. पॅरामीटर्स (रिक्वेस्टसोबत आलेली माहिती) आपण सांगितल्याशिवाय येत नाहीत. फॉर्मवर काम करताना पॅरामीटर्सच तर बघायचे असतात, म्हणून आमच्याकडे लॉगरेज फक्त प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर. तिथे दहा माणसांच्या रिक्वेस्ट एकमेकींत मिसळतात, आणि एका ओळीत एक रिक्वेस्ट असली की ग्रेप करून लगेच हाताशी येते.

त्या मुलाला मी क्वायटची ओळ घालायला लावली आणि सर्व्हर रीस्टार्ट करवला. आता पान रीफ्रेश केलं की ऑर्डरची रिक्वेस्ट आणि तिच्या क्वेरी, एवढंच स्क्रीनवर राहतं.