पॅराहायड्रोजन: नायट्रोजनवरचा पन्नास टक्के की हेलियमवरचा नव्व्याण्णव?

एनएमआरचा, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या रेणूंच्या अणुकेंद्रकांचे संकेत टिपणाऱ्या तंत्राचा, सिग्नल वाढवायला पॅराहायड्रोजन वापरायचं ठरलं, की पुढचा प्रश्न पैशाचा येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेपुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअसला) हायड्रोजन थंड करून सुमारे ५० टक्के पॅरा मिळवणं. दुसरी म्हणजे हेलियमवर चालणारा क्रायोकूलर, म्हणजे विजेवरचं अतिशीत यंत्र, घेऊन २५ ते ३० केल्विनपर्यंत उतरणं. तिथे ९७ ते ९९ टक्के मिळतो. माझा कौल आधीच सांगतो: सुरुवात नायट्रोजनवर करा. फक्त त्यात हातचं काय जातं ते आधी समजून घ्या.

हायड्रोजनच्या रेणूत दोन प्रोटॉन असतात. त्यांचे स्पिन (प्रत्येक प्रोटॉनचा छोट्या चुंबकासारखा गुण) एकाच दिशेचे असले तर तो ऑर्थो, एकमेकांच्या उलट असले तर पॅरा. साध्या सिलिंडरात ऑर्थो ७५ टक्के आणि पॅरा २५ टक्के असतो. पॅराची ऊर्जा कमी, त्यामुळे गारठा वाढेल तसा त्याचा वाटा वाढतो. पण नुसत्या गारठ्याने हे काम लवकर होत नाही. वायू पाण्याचा अंश असलेल्या लोह ऑक्साइडवरून किंवा सक्रिय कोळशावरून न्यावा लागतो, तेव्हा कुठे स्पिन झटपट पलटतात. हाच संथपणा पुढे आपल्या पथ्यावर पडतो. उत्प्रेरकापासून दूर नेऊन वायू खोलीच्या तापमानाला आणला तरी पॅरा पॅराच राहतो, आणि स्वच्छ अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरात कित्येक दिवस टिकतो. आत ऑक्सिजन शिरला मात्र तो हळूहळू पुन्हा मूळ मिश्रणाकडे वळतो.

आता खरा हिशेब. ५० टक्के म्हणजे निम्मा सिग्नल मिळेल असं वाटतं, पण तसं नाही. साध्या हायड्रोजनमधल्या २५ टक्के पॅराचा काहीच फायदा नसतो, कारण जादा सिग्नल येतो तो खोलीच्या तापमानाच्या समतोलापेक्षा जास्त असलेल्या पॅरातून. पॅराचा अंश क्ष मानला तर सिग्नल (४क्ष − १) ÷ ३ या प्रमाणात येतो. क्ष ०.५ असेल तर उत्तर येतं एक तृतीयांश. म्हणजे हेलियमवाल्याला जे तीन मिळतं, त्यातलं एक आपल्या हाती लागतं.

हे एक थोडं वाटेल, पण ते कशाच्या तुलनेत ते बघा. साध्या एनएमआरमध्ये प्रोटॉनचं ध्रुवीकरण, म्हणजे एका दिशेला झुकलेल्या स्पिनचं जादा प्रमाण, लाखात काही इतकंच असतं. पॅराहायड्रोजनने ते हजारो पटींनी वाढू शकतं, मग त्याचा तिसरा हिस्सासुद्धा डोळ्यात भरतो. शिवाय हे ध्रुवीकरण चुंबकाच्या ताकदीतून येत नाही, त्यामुळे टेबलावर मावणारा एक-दोन टेस्लाच्या कमी ताकदीच्या चुंबकाचा एनएमआरही चालतो. मोठ्या चुंबकासाठी दर वेळी बेंगळूरच्या आयआयएससी किंवा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थांचा दरवाजा ठोठावावा लागत नाही.

पॅरा स्वतः एनएमआरमध्ये दिसत नाही, त्याच्या दोन प्रोटॉनांची सममिती, म्हणजे एकसारखेपणा, मोडावी लागते. बॉवर्स आणि वाइटेकॅम्प यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पॅराहायड्रोजन दुसऱ्या रेणूच्या दुहेरी बंधावर कायमचा जोडला जातो. २००९ मध्ये पुढे आलेल्या सेबर पद्धतीत इरिडियमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन आणि पिरिडिनसारखा रेणू तात्पुरते एकत्र बसतात, आणि रेणू न बदलता ध्रुवीकरण घेऊन सुटतो. एमएस्सीच्या प्रकल्पाला सेबर बरी. तोच नमुना पुन्हा पुन्हा वापरता येतो, चाचपडायला वाव मिळतो.

नायट्रोजनच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, तो आपल्याकडे अनोळखी नाही. गावोगावी गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे रेतकांड्यांचा कंटेनर असतो, त्यात हाच द्रव असतो. मात्र त्या छोट्या कंटेनरवर प्रयोगशाळा चालत नाही, मोठं भांडं आणि नियमित पुरवठा आधी पक्का करा. बाकी लागतं ते उत्प्रेरक भरलेलं तांब्याच्या नळीचं वेटोळं, दाब सोसणाऱ्या झडपा आणि गाळण्या.

एक धोका मात्र दुर्लक्षू नका. द्रव नायट्रोजनचं भांडं बराच वेळ उघडं राहिलं तर हवेतला ऑक्सिजन ९० केल्विनलाच द्रव होत असल्याने त्यात मिसळतो. द्रवावर निळसर झाक दिसली तर थांबा. शेजारी हायड्रोजन आहे. कोळसा द्रव ऑक्सिजनने भिजला तर तो स्फोटकच होतो, त्यामुळे नळीत मी लोह ऑक्साइडच भरायला सांगेन.

क्रायोकूलरला नायट्रोजन आणावा लागत नाही, पण कंप्रेसर काही किलोवॉट वीज खातो आणि बहुतेकांना थंड पाण्याचा सतत फिरता पुरवठा लागतो. ऐन पावसात वीज गेली की तापमान चढतं आणि पुन्हा गार व्हायला वाट पाहावी लागते. देखभालीचा माणूसही बाहेरून येणार. तरीही जिवंत पेशींमधल्या चयापचयाचा मागोवा घ्यायचा असेल, किंवा ध्रुवीकरणाचे नेमके आकडे मांडायचे असतील, तर एक तृतीयांशावर भागवू नका, थेट हेलियमकडे जा. घन पॅराहायड्रोजनमध्ये रेणू गोठवून त्यांचा वर्णपट घेणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. द्रव हायड्रोजन साठवणारे रॉकेटवाले वेगळ्याच कारणाने आधीच पॅरा करतात: नाहीतर साठवणीत ऑर्थोचा पॅरा होताना सुटणारी उष्णता टाकीतला द्रव उकळवून टाकते.

दोन्ही वाटांवर वायू खरंच बदलला का ते तपासणं सोपं आहे. एनएमआरला फक्त ऑर्थो दिसतो. एकाच नळीत, एकाच दाबाने आधी साधा हायड्रोजन भरा, मग आपला. ५० टक्के पॅरा झाला असेल तर ऑर्थो ७५ वरून ५० वर येतो, म्हणजे शिखराचं क्षेत्रफळ दोन तृतीयांश भरतं. तेवढं दिसलं नाही तर उत्प्रेरकाला बाहेरचा ओलावा लागलाय किंवा तो खराब आहे, किंवा वायू घाईने निघून जातोय. ते आधी दुरुस्त करा, क्रायोकूलरचं कोटेशन नंतर मागवा.