बॅटरीवरचे लॉन मोवर: यंत्र उत्तम, बॅटरीची माहिती अपुरी

गोडोलीतील आमच्या घरापुढे सुमारे २ गुंठ्यांची हिरवळ आहे, आणि साताऱ्यात एकदा पाऊस लागून राहिला की तिच्यातली हरळी आठ-दहा दिवसांत पाऊल बुडेल इतकी वाढते. तिच्यासाठी दोन वर्षांपूर्वी पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातून ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर बॅटरीवर चालणारे लॉन मोवर घेतले. दोरी ओढावी लागत नाही, पेट्रोलचा धूर नाही आणि कापणी एकसारखी होते, त्यामुळे यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल, कारण ज्या बॅटरीला यंत्राच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मोजावा लागतो, तिच्या निगेसाठी त्यात जेमतेम चार ओळी आहेत.

पहिल्या उन्हाळ्यात पाण्याअभावी गवत वाढेनासे झाले, तेव्हा इन्व्हर्टरच्या बॅटरीची सवय असल्याने मी ही बॅटरीही पूर्ण चार्ज करून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. शिशाच्या बॅटरीला भरलेले राहणे मानवते. लिथियम-आयन बॅटरीचे तसे नसते. पूर्ण भरल्यावर तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढलेला असतो, आणि त्याच अवस्थेत ती तापलेल्या पत्र्याखाली दोन-अडीच महिने राहिली, तर तिची साठवणक्षमता कायमची घटते. जूनमधल्या पहिल्याच कापणीत मी आंब्यापर्यंत, म्हणजे निम्म्या अंगणापर्यंत पोहोचलो, तोच बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी शेवटचा लुकलुकू लागला. दुकानात विचारले, तर ती पूर्ण संपवून पुन्हा भरण्याचा सल्ला मिळाला. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी ठीक होता, पण लिथियमची बॅटरी तळापर्यंत उतरवल्याने तिचे आयुष्य कमीच होते. शेवटी नवी बॅटरी घ्यावी लागली.

नवी बॅटरी हंगाम नसताना दोन दिव्यांवर, म्हणजे साधारण निम्मी भरून, घरातल्या कपाटात थंड जागी ठेवतो आणि दोन महिन्यांनी बटण दाबून दिवे पाहतो. कापणी संपल्यावर ती हाताला चांगलीच गरम लागते. तशीच चार्जरवर न लावता अर्धा-पाऊण तास सावलीत निवू देतो. चार्ज झाल्यावर ती चार्जरवरून काढून ठेवतो. पावसाळ्यात तिच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर धरतो, तो कोरड्या फडक्याने पुसावा लागतो. पाते साफ करण्यापूर्वी किंवा धार लावण्यापूर्वी तर बॅटरी काढलेलीच हवी. ओले, उंच गवत एकदम खाली कापू नये, कारण पात्यावर ताण पडून बॅटरी फार लवकर उतरते. आधी वरून, मग दोन दिवसांनी खालून कापले की तिच्यावरचा भार निम्म्याने हलका झाल्यासारखा वाटतो. विजेचा खर्च मात्र नगण्य आहे: एका भरणीला पाव युनिटसुद्धा लागत नाही.

काही कंपन्या हीच ३६ व्होल्टची, दहा सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावरचा आकडा धरून खोक्यावर ४० व्होल्टची म्हणून छापतात, त्यामुळे केवळ त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. यंत्र घेताना सुटी बॅटरी त्याच दुकानात मिळते का, आणि जुनी ते परत घेतात का, हे आधी विचारावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तरीही माझी जुनी बॅटरी दुकानाने दुसऱ्या खेपेस, या नियमाचा उल्लेख केल्यानंतरच ठेवून घेतली.