कोकणात सोलर: स्लॅबवर चढवायचं की पत्र्यावर?

आमच्या रत्नागिरीकडे घराला स्लॅब आणि शेजारी पत्र्याची शेड असं बऱ्याच जणांकडे असतं, मग सोलर घेताना पॅनल कुठं चढवायचे हा प्रश्न येतोच. पॅनल तेच, आणि ३ किलोवॅटला मिळणारी ७८,००० ची सबसिडी काही छप्पर बघून बदलत नाही, त्यामुळे त्यात शिरत नाही. माझ्याकडे दोन्हीकडे आहेत, आधी आंब्याच्या शेडवर बसवले, नंतर घराच्या स्लॅबवर.

पत्र्यावर काम झटपट होतं आणि स्वस्तात, हे मान्यच. पत्र्याच्या उंचवट्यावर छोटे रेल स्क्रूने मारले की झालं. पॅनल छपरालगत असल्यामुळे खालून वाराही कमी शिरतो. फक्त स्क्रू पर्लिनमध्ये (पत्रा ज्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर टेकतो त्यात) गेलाय ना ते उभं राहून बघा, कारण ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगडात पत्रेच्या पत्रे उडालेत, नुसत्या पत्र्याला धरलेलं पॅनल अशा वेळी पत्र्याबरोबरच जाणार.

पण माझं मन उडालं ते गळतीमुळे. उन्हाने स्क्रूखालचं रबर वॉशर कडक होतं, पत्रा रोज तापतो, निवतो, सरकतो आणि भोक हळूहळू सैल होतं. जुलैत आत थेंब पडायला लागतो, आणि तो पडतो तिथं भोक नसतंच, पाणी पत्र्याखालून पर्लिनपर्यंत ओघळत जाऊन भलतीकडेच टपकतं. समजा स्क्रू सापडला, तरी तो पॅनलखाली! भर पावसात निसरड्या पत्र्यावर चढून पॅनल कोण सोडवणार, म्हणजे दिवाळीपर्यंत खाली बादली. त्यात पॅनल आणि पत्र्यामधल्या चार बोटांच्या फटीत आंब्याची पानं अडकून कुजतात, खारी ओल धरून ठेवतात आणि पत्रा तिथूनच गंजायला लागतो.

स्लॅबवर पॅनलच्या स्ट्रक्चरचे पाय उंच असल्यामुळे झाडू घेऊन खाली बसता येतं, शेवाळ खरवडता येतं, प्रत्येक नट हाताने तपासता येतो. मला तरी यातच सगळं आलं. खालून हवा खेळते, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी स्लॅबवरचे पॅनल जरा जास्त देतात असं मला वाटतं, दिशेचाही फरक असेल म्हणा. मात्र कोब्याला ड्रिल मारू देऊ नका, पायांसाठी पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचे छोटे खांब, स्लॅबवरच ओतून घ्या आणि भोवती नीट वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) मारून वॉटरप्रूफिंग करा. नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून देतात ते आमच्या वाऱ्यात मला पटत नाही. आणि खाली कपडे वाळवायला म्हणून आठ फूट उंच स्ट्रक्चर करायची टूम निघालीये, ते वादळात शिडासारखं वारा धरतं, त्यापेक्षा ठेंगणं बरं.

खाऱ्या वाऱ्यामुळे लोखंड हॉट डिप गॅल्वनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) हवं, आणि गच्चीवर वेल्डिंग नको, जिथं वेल्डिंग तिथला जस्ताचा थर जळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबडं पाणी ओघळतं. नटबोल्ट स्टेनलेसचे, अगदी खाडीला लागून घर असेल तर ३१६ ग्रेडचे, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतात.

ज्यांच्याकडे पत्राच आहे त्यांनी रेलखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून घ्यावी आणि दोन ओळींमध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडावी, एखादं पॅनल कमी बसलं तरी चालेल. दोन्ही असेल तर मी स्लॅबच सांगेन. कंत्राटदार बहुतेक पत्रा सुचवेल, त्याचं काम लवकर सुटतं ना. पेडेस्टलचं काम तेवढं एप्रिलमध्येच उरकून घ्या, निदान आठवडाभर पाणी मारायला हवं आणि वॉटरप्रूफिंग पावसाच्या आधी सुकायला हवं.