चेक, जेवण, धुलाई की नोकरी? गोव्यातल्या छोट्या हॉटेलवाल्यांसाठी

डिसेंबरात सांताक्लॉजच्या टोप्या घालून मुलांच्या आश्रमात केक वाटायला निघालेली हॉटेलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या एकात मी स्वतः होते. जुलैत त्याच आश्रमाने जुन्या चादरी मागितल्या तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "सीझन सुरू होऊ दे, मग बघू." तेव्हापासून कुठल्याही हॉटेलची मदत मी एकाच प्रश्नाने तोलते: ही पावसाळ्यात चालू राहील का?

तुमचं वीस-तीस खोल्यांचं हॉटेल आहे, एखाद्या सामाजिक संस्थेशी कायमचं जोडून घ्यावं असं मनात आहे, पण कसं ते ठरत नाही, असं धरून लिहिते. बार्देशात बारा वर्षं हाउसकीपिंग सांभाळलं. त्यामुळे माझी मतं चादरींच्या ढिगाऱ्यातून आलेली आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

आधी मोठ्या साखळ्यांचं बाजूला ठेवू. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटींच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात, अहवाल असतात. ताजवाल्यांनी २६/११नंतर तर स्वतःचा ट्रस्टच काढला. आपल्याला यातलं काही बंधनकारक नाही, आणि ते एका परीने बरंच आहे.

चेक देणं सगळ्यात सोपं. देणगीवरची, ८०जी म्हणून आपण ओळखतो ती आयकर सवलत हवी असेल तर २००० रुपयांवर रोख देऊ नका, ती धरत नाहीत. नव्या करपद्धतीत असाल तर सवलत विसराच. संस्थेला मात्र चेकच आवडतो, कारण पगार आणि विजेचं बिल केकने भरता येत नाही. माझा आग्रह एवढाच, की वर्षाची रक्कम बारा भागांत द्या. सीझनला एकदम दिलेले पैसे गणपतीची चवथ येईपर्यंत संपलेले असतात.

रिसेप्शनवरची दानपेटी दिसते निरागस, पण तिथे जपून. परदेशी पाहुण्याने संस्थेच्या पेटीत टाकलेली नोट, अगदी रुपयातली असली तरी, परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच जावा लागतो. छोट्या संस्थांकडे हे बहुधा नसतं. तुमच्या चांगुलपणापायी त्यांच्या मागे नोटिसा लागायच्या.

आता जेवण. "उरलेलं वाया जाण्यापेक्षा कोणाच्या तरी पोटात जाऊ दे" हे सगळेच म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण खोबऱ्याच्या वाटणाचं हुमण (माशाची आमटी) दुपारी दोनचं असेल तर संध्याकाळी सहाला मी माझ्या घरी खाणार नाही. ते मुलांना कसं पाठवू? अतिरिक्त अन्नवाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९चे नियम आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर ताटातलं उष्टं नको, टेबलावर तासन्‌तास उघडं राहिलेलं नको. जे गरम आहे ते गरमच पोचवा, थंड ते थंड, आणि केव्हा केलं ते डब्यावर लिहा. म्हणजे स्वयंपाकघरात एक जबाबदार माणूस आणि दारात वेळेवर गाडी, दोन्ही हवं. रोज लग्नाच्या पार्ट्या होणाऱ्या हॉटेलला हे परवडतं. वीस खोल्यांत नाश्त्याचे चार पाव आणि थोडी भाजी उरते, त्यासाठी म्हापशाहून कोण येणार? जूनमध्ये तर तेही उरत नाही, आणि मुलांना भूक बाराही महिने लागते. जेवणच द्यायचं असेल तर महिन्याचे तांदूळ-डाळ भरून द्या.

माझा कौल धुलाईला. २००४ साली वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची देहव्यापाराची वस्ती पाडली गेली. त्या भागातल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या 'अन्यायरहित जिंदगी', म्हणजे 'अर्ज' या संस्थेने 'स्विफ्ट वॉश' नावाची यंत्रांवर चालणारी लाँड्री उभी केली. देहव्यापारातून बाहेर पडलेल्या बायकांना तिथे पगाराचं काम मिळावं म्हणून. हॉटेलला चादरी धुवायच्याच असतात. ते बिल अशा ठिकाणी गेलं तर तो तुमचा धंद्याचा खर्च, दान नव्हे. कोणी कोणाच्या उपकाराखाली राहत नाही, आणि चादरीवर डाग राहिला तर तुम्ही मोकळेपणाने तक्रार करू शकता. हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो. बचतगटाचं लोणचं, पापड, कोकम, कापडी पिशव्या यांनाही हेच लागू. फक्त दर पाडून मागू नका आणि पैसे तीन-तीन महिने अडकवू नका. पावसाळ्यात काम कमी होईल, पण बंद पडणार नाही.

(टॉवेल पुन्हा वापरा, आम्ही झाडं लावू, असं कार्ड अकॉर या हॉटेलसाखळीने २००९पासून खोल्यांत ठेवलं. कल्पना चांगली. पण आपल्या पावसाळ्यात टॉवेल वाळतच नाही, दुसऱ्या दिवशी वास येतो आणि पाहुणा तो जमिनीवर टाकतोच.)

नोकरी हा सगळ्यात जड पर्याय. सत्तरी किंवा सांगे अशा आतल्या तालुक्यांतल्या मुलांना संस्थेमार्फत शिकायला घ्यायचं तर कामाची पाळी रात्री अकराला सुटते. त्या वेळी गावाकडे जायला बस कुठून मिळणार? राहायची सोय द्यावी लागते. आणि ऑक्टोबरात घेऊन मे अखेर घरी पाठवायचं असेल तर त्याला सीझनचे मजूर म्हणा, उपक्रम म्हणू नका. दोनच मुलं घ्या, पण वर्षभर ठेवा. ते जमणार नसेल तर या वाटेला जाऊच नका.

एका गोष्टीवर मात्र मी तडजोड करत नाही: पाहुण्यांना आश्रम 'दाखवायला' नेणं. २००३चा गोवा बाल कायदा हॉटेलच्या आवारातल्या मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक आणि व्यवस्थापकावर टाकतो, आणि बालन्याय कायद्याने आश्रमातल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही. केक भरवतानाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

तर वीस खोल्यांसाठी मी धुलाईचं कंत्राट आणि दरमहा छोटा चेक, एवढंच घेईन. साठच्या वर खोल्या आणि बँक्वेट हॉल असेल तर जेवणाचा विचार करा. करार लिहायला मात्र नोव्हेंबरात बसू नका. गल्ला भरलेला असला की माणूस वाटेल ते कबूल करतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, अर्ध्या खोल्यांना कुलूप असताना, जो आकडा तोंडातून निघेल तोच लिहा.