कॅमेरे, दारं आणि फायर पॅनल एकाच स्क्रीनवर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मरोळच्या आमच्या इमारतीत तळघरात पार्किंग आणि वर सगळी ऑफिसं. देखभाल माझ्याकडे. कॅमेरे, कार्डावर उघडणारी दारं आणि फायर पॅनल (आगीच्या डिटेक्टरांचा मुख्य बोर्ड) अशी तीन वेगळी कंत्राटं होती; पावसाळ्याच्या बऱ्याच आधी ती एका सॉफ्टवेअरखाली आणली. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही सिस्टीमला लागू पडेल.

पूर्वी पॅनलवर 'झोन 4' पेटलं की गार्ड भिंतीवरचा तक्ता बघायचा, इंटरकॉमवर कुणी उचलतंय का पाहायचा आणि मग डीव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यावर, कॅमेरा शोधायचा. आता डिटेक्टर वाजला की त्या जागेचे कॅमेरे आपोआप समोर येतात, मजल्यावरच्या गार्डच्या मोबाइलवर सूचना जाते आणि बाजूला पुढे काय करायचं ते मराठीत दिसतं. जुलैत एका पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हमध्ये पाव करपले. कंट्रोल रूममधल्या मामांनी धूर कुठून येतोय ते स्क्रीनवर पाहिलं आणि ओरडले, "अरे, आधी प्लग काढ!" वरचा पोरगा तोवर दारात पोचला होता. पैसे वसूल झाले ते इथे.

डोकं खाल्लं ते जिन्याच्या दारांनी. दार ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त उघडं राहिलं की अलार्म. आता दुपारी चहावाला किटली घेऊन येणार, सिगारेटवाले दाराला विटेचा अडसर लावणार. कंट्रोल रूममध्ये नुसती टूंटूं. चार दिवसांत गार्ड न बघताच 'ओके' दाबायला लागले. उपाय साधा निघाला: आधी दारावरचाच बझर वाजतो, तरीही दार लागलं नाही तरच कंट्रोल रूमला कळतं.

कंपाउंडच्या कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि जाळं हललं की 'घुसखोर'. त्यात पावसाच्या सरी. यावर सॉफ्टवेअरपेक्षा काठीला बांधलेलं फडकं जास्त कामाला आलं.

कॅमेरे तीन-चार कंपन्यांचे. 'ऑनव्हिफ आहे, सगळं जुळेल' असं विक्रेता सांगतो; ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकमेकांशी जुळावेत म्हणून ठरवलेलं मानक. चित्र येतं, खरंय; पण कॅमेऱ्याच्या आतले खास अलार्म येतीलच असं नाही. ऑर्डर देण्याआधी आपल्याच कॅमेऱ्यावर करून दाखवायला लावा. सगळ्या यंत्रांची घड्याळं एका एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरवर आणा, नाहीतर दाराची नोंद एक वेळ सांगते आणि फुटेज दुसरी. दारावरचे जुन्या 'वायगंड' पद्धतीचे कार्ड रीडर कार्डाचा नंबर एन्क्रिप्शनशिवाय, उघडाच पाठवतात. सर्व्हर रूमपुरते आम्ही ओएसडीपी या नव्या पद्धतीचे बसवले आणि एन्क्रिप्शन चालू करून घेतलं.

एका मुद्द्यावर मी अडून बसलो. वायरिंग वाचवायला फायरच्या वेळी दारं सॉफ्टवेअरने उघडू, असं विक्रेत्याचं म्हणणं. अजिबात नाही. पॅनलच्या रिलेने (आपोआप चालणाऱ्या स्विचने) दारांच्या मॅग्नेटिक लॉकची वीज थेट तुटली पाहिजे, सॉफ्टवेअरला फक्त खबर जाऊ दे. सर्व्हर बंद ठेवून अलार्म दिला, दारं सुटली, तेव्हाच सही केली. 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत 'बी' फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) द्यावाच लागतो; त्या तपासणीच्या वेळी हीच चाचणी पुन्हा करून घेतो.

तक्रारी आहेतच. पीडीएफ रिपोर्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'दुसऱ्या मजल्या'चं काहीतरी भलतंच होतं. सपोर्टवाले 'पुढच्या व्हर्जनमध्ये' म्हणतात. एजन्सीचे गार्ड सतत बदलतात, दर वेळी शिकवणी नव्याने. लायसन्स दर कॅमेऱ्यामागे आणि दर दारामागे, तेही वर्षाला, त्यामुळे कोटेशनमध्ये नूतनीकरणाचा दर आधीच लिहून घ्या. तळघरातले उरलेले कॅमेरे आम्ही तूर्त जुन्या डीव्हीआरवरच ठेवलेत. तिथे रॅम्प आणि पंप रूम एवढंच जोडलंय.